मायबापाच्या नावाचं पाणी

बाई चहात मीठ घालायच्या. साखर कमी चालायची, दूध नसलं तरी चालायचं, पण चिमूटभर मीठ हवंच. त्यांच्या घरी पहिल्यांदा चहा घेतला तेव्हा माझ्या कपातही त्यांनी न विचारता मीठ टाकलं. मी तोंड वाकडं केलं, तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुह्या गावाले गोडं पानी असंन."

आमच्या गावाला खरंच गोडं पाणी होतं. हिवरखेडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. बाईंचं गाव दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरींचं पाणी एवढं खारं की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यावर वाढलेल्या जिभेला अकोल्याच्या नळाचा चहा फिका लागायचा. बाई नोकरीनिमित्त वीसेक वर्षं शहरात राहिल्या होत्या, तरी जीभ गावीच होती.

मी अकोल्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले, तेव्हा आमच्या लोकांना दीक्षा घेऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. घरातले देव गेले होते, भिंतीवर नवी तसबीर आली होती, पण गावोगावचे पाणवठे होते तसेच होते. शहरात खोली शोधायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारत, मग गाव, आणि मग त्यांना आठवे की खोली तर कालच दिली. अशा बऱ्याच खोल्या 'कालच' गेल्यावर शाळेतल्या ह्या बाई मला म्हणाल्या, "माह्या घरी राहाले ये. पन एक सांगून ठेवतो, माह्यासंगं चालाचं असंन तं रस्त्याच्या मधातून चालाव लागंन. चपला वाजवत."

बाई स्वतःबद्दल बोलतानाही कधीकधी 'सांगतो', 'जातो' म्हणत. आमच्याकडे बायका तसं बोलतातच, पण बाईंच्या तोंडी ते जास्त शोभायचं. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरं लुगडं कांजी करून नेसलेलं, केस घट्ट ओढून बांधलेले. वय पन्नाशीकडे झुकलेलं. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

रस्त्याच्या मधून चालणं म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना कळलं. मागून टांग्याची घंटा वाजत होती, कापसाच्या गाड्या येत होत्या, आणि बाई एका चालीनं, चपलांचा फटफट आवाज करत चालल्या होत्या. टांगेवाले त्यांना ओळखत. शिव्या देत नसत, वळसा घालून जात. मी कडेला सरकले की बाई माझा दंड धरून पुन्हा मधे ओढत.

त्यांचे वडील गावचे कोतवाल होते. सरकारी दवंडी द्यायची, साहेब आला की घोड्यापुढं धावायचं, आणि वरच्या आळीतून जाताना चपला काढून काखेत धरायच्या. बाईंनी आपल्या पहिल्या पगारातून वडिलांना कातडी चपला घेतल्या. वडिलांनी त्या चपला गावभर काखेतूनच मिरवल्या. "बा म्हनते, चामडं लय चांगलं हाये, घासलं नाही पायजे," असं सांगून बाई हसत. वडील वारले तेव्हा त्या चपलांचे तळवे कोरे होते.

बाजारात बाईंबरोबर जायची मला भीती वाटे. दुकानदारानं पुडा लांबून फेकला की त्या तो उचलत नसत. तिथंच उभ्या राहत आणि तळवा पुढं करून म्हणत, "हातात द्या." एकदाच म्हणत, शांतपणे. गर्दी वाढे, मागचे लोक कुरकुरत, दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघे, बाई तशाच. कधी तो देई, कधी देत नसे. नाही दिलं की माल तिथंच टाकून बाई चालू लागत. त्या दिवशी आमच्या घरी भाजीत मीठ नसे किंवा भाकरीबरोबर तेल नसे. मी एकदा वैतागून म्हटलं, बाई, मी आणते ना उद्या दुसरीकडून. तर म्हणाल्या, "दुसरीकडून आन. पन फेकेल आनू नोको."

शाळेत त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. इतकं शुद्ध की पुण्याहून आलेले इन्स्पेक्टर चकित होत. घरी उंबरठा ओलांडला की वऱ्हाडी. "शाळेत सरकारची भाषा, घरात मायची," हे त्यांचं सांगणं. आणि मायबापाबद्दल बोलताना त्या कधी 'होते' म्हणत नसत. बा म्हनते, माय म्हनते. नव्या माणसाला वाटावं की आतल्या खोलीत दोन म्हातारी माणसं बसली आहेत. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. मी आत डोकावून पाहिलं, तर एक बाज आणि गव्हाची कोठी.

शाळेतल्या मुलींना ओंजळीनं पाणी प्यायला त्यांची बंदी होती. नळाखाली कोणी ओंजळ धरलेली दिसली की हातावर पट्टी बसे. प्रत्येकीनं घरून पेला आणायचाच. पालक कुरकुरत येत, बाई, नळ तर सगळ्यांचाच आहे, ओंजळीनं प्यायलं तर काय बिघडतं? बाई त्यांना शुद्ध मराठीत सांगत, "पेला धरायची सवय लागू द्या." त्याहून जास्त काही सांगत नसत. मला ठाऊक होतं, कारण मला त्यांनी सांगितलं होतं.

त्यांच्या गावात गोड्या पाण्याची एकच विहीर होती आणि तिच्या कठड्याजवळ आमच्या माणसानं जायचं नाही. बाईंची आई भल्या सकाळी घागर घेऊन जाऊन लांब उभी राही. कोणाला दया आली की तो वरून पाणी ओती. कधी दुपारपर्यंत कोणालाच दया येत नसे. लहानगी बाई आईबरोबर असे. तहान लागली की ओंजळ धरायची आणि वरून पडेल ते प्यायचं. अर्धं कोपरावरून मातीत. आणि हीच आई, खळ्यावर काम करताना वाटसरू आला, फकीर आला, कोणीही आला, की आपल्या मडक्यातलं ते मिळवलेलं पाणी आधी त्याच्यापुढं करायची. घेणारा क्वचितच घेई. तरी ती विचारल्याशिवाय राहत नसे. बाई चिडून म्हणे, माय, आपल्याले कोनी देत नाही, तू काहून देतं? आई म्हणे, "तहानेल मानूस दारातून गेला तं मले घास जात नाही. त्याले मी काय करू?"

वडिलांची शिकवण वेगळी. बाई हुशार म्हणून गावच्या मास्तरानं वडिलांना सांगितलं, हिला अमरावतीला शिकायला ठेव. वडील तिला घेऊन चालत अमरावतीला गेले. तिथं मुलींच्या एका वसतिगृहाच्या सुपरिंटेंडंटबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, पोरीला घेते, पण रजिस्टरात दुसरं आडनाव लिहू, गाव दुसरं लिहू. कोणी विचारणार नाही, मुलीचं भलं होईल. वडील अंगणात उभे होते, चपला नव्हत्याच. तिथूनच म्हणाले, "बाईसाहेब, नाव बदलून शिकली, तं शिकली कोन म्हनाव?" आणि लेकीला घेऊन आल्या वाटेनं परत निघाले. एक वर्ष फुकट गेलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या वसतिगृहात आपल्या नावानं जागा मिळाली. त्या फुकट गेलेल्या वर्षाबद्दल बाई फार अभिमानानं बोलत.

वडील दीक्षेच्या आधीच वारले. आई दीक्षेनंतर वर्षभरानं. नवा धर्म तिनं लेकीच्या शब्दावर घेतला, देव नदीत सोडले, पण एका गोष्टीनं तिचा जीव अडकला. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात. आता ते बंद. शेवटच्या आजारात आई लेकीला म्हणाली, "आखाजी सोडली तुमी. मंग तुह्या बाले पानी कोन देईन?"

बाई तर्कानं चालणाऱ्या. मेलेल्या माणसाला तहान लागत नाही हे त्या आईला समजावू शकल्या असत्या. त्यांनी समजावलं नाही. "मी देईन माय," त्या म्हणाल्या. "जित्या मानसाईले देईन. बाच्या नावानं, अन् तुह्या नावानं."

त्यातून ती पाणपोई निघाली.

बाईंचं घर कापूसबाजाराकडून येणाऱ्या रस्त्यावर होतं. एका ख्रिस्ती नर्सबाईकडून त्यांनी ते विकत घेतलं होतं, म्हणून ते मिळालं, नाहीतर त्या वस्तीत आमच्यापैकी दुसरं कोणी नव्हतं. समोर कडुनिंब. आखाजीच्या दिवशी बाईंनी निंबाखाली वाळू अंथरली, तीन रांजण मांडले, भोवती तट्टे बांधले. पाण्यात वाळा टाकला. काचेचे पेले घासून उपडे ठेवले. आणि खोडाला एक काळा फळा लावला. त्यावर पांढऱ्या रंगानं आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. अक्षर बाईंचंच, शाळेतल्यासारखं गोल.

अकोल्याचा उन्हाळा अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. दुपारी बाराला रस्त्यावरची कुत्रीसुद्धा दिसेनाशी होतात. कोर्टाला आलेले, दवाखान्याला आलेले, बाजाराला आलेले खेड्यातले लोक डोक्याला पंचा गुंडाळून त्या रस्त्यानं जात. निंबाची सावली आणि लाल फडकं गुंडाळलेले रांजण बघून वळत. वाचता येणारे फळा वाचत आणि पुढं जात. वाचता न येणाऱ्यांसाठी समोर पानठेलेवाला होता. तो वाईट माणूस नव्हता. बाईंशी अदबीनं बोले. पण कोणी रांजणाकडे गेलं की इकडून हाक मारून सांगे, "भाऊ, पाहून घेजा कोनाचं हाये ते." बाईंनी त्याला एकदा विचारलं, काहून सांगतं? तर हात जोडून म्हणाला, "तुमच्याशी वैर नाही बाई. पन त्याईले मागून कळलं तं पाप माह्या डोक्यावर येईन."

सबंध उन्हाळा कोणी प्यायलं नाही. एक-दोन मुसलमान टांगेवाले पीत, कधी आमच्यातलं कोणी बाजारला आलेलं. बाकी नाही. बाई रोज पहाटे रांजण घासत, नव्यानं भरत, पाणी गाळत. दुपारभर दारात बसून राहत. शाळेला सुट्टी असायची आणि मी गावी जात नसे, कारण गावी गेलं की लग्नाचा विषय निघे. त्यामुळं हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मला ती पाणपोई मुळीच पसंत नव्हती. माझे वडील चळवळीतले. त्यांच्या हाताखाली मी वाढलेली. मी बाईंना म्हटलं, "ज्याईनं तुमच्या मायले थेंबासाठी उभं ठेवलं, त्याईले तुमी पाजून राहिल्या? अन् ते पेत बी नाहीत. ही भीकच झाली उलटी."

बाई सुपात गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तहान त्याईची, पानी माह्यं, नाव माह्या मायबापाचं. याच्यात भीक कोठी आली?"

त्यानंतर आम्ही दोन दिवस बोललो नाही.

ओळखीतल्या पुष्कळांनी त्यांना सुचवलं की फळा काढा. परगावचा माणूस काय विचारत बसतो, पिऊन जाईल. बाई ऐकून घेत आणि म्हणत, "नाव पुसून पाजलं, तं पाजलं कोन?" त्यांच्या आवाजात मला कोतवालाचा आवाज ऐकू येई, जरी तो मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती म्हातारी आली.

कुठल्याशा खेड्यातली, काष्टा घातलेली, डोक्यावर गाठोडं. तोंड सुकून काळं पडलेलं. निंबाखाली येऊन तिनं गाठोडं उतरवलं आणि पेल्याला हात घातला. मी खिडकीतून पाहत होते. समोरून पानवाल्यानं नेहमीसारखी हाक मारून सांगितलं. म्हातारीनं पेला होता तसा उपडा ठेवला. "राहू दे बापू. पुढं पाहीन कोठी," एवढं म्हणाली, गाठोडं उचललं आणि निघाली. टांग्याच्या अड्ड्यापर्यंत पोचली आणि खाली बसली. मग आडवी झाली.

बाई पेला भरून धावल्या. डोक्यावर पदर नाही, पायात चपला नाहीत. त्यांना अनवाणी रस्त्यावर मी तेवढ्या वेळेलाच पाहिलं. मी मागून. तोवर चार माणसं जमली होती. म्हातारीचे डोळे अर्धे मिटलेले, दात बसलेले. बाई खाली वाकल्या, तेवढ्यात गर्दीतून कोणी म्हणालं, "तिनं नोको म्हनलं होतं. शुद्धीत नाही म्हून बाटवून राहिले काय तिले?"

बाई थांबल्या. हातात भरलेला पेला, गुडघे टेकलेले, आणि त्या थांबल्या. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. फार वेळ नसेल. एका टांगेवाल्यानं त्यांच्या हातातून पेला घेतला, अर्धा म्हातारीच्या टाळूवर ओतला आणि उरलेला तिच्या ओठांवर धरला. "मरनेवाली का क्या पूछते हो," तो गर्दीला म्हणाला. मग त्यानंच तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. ती वाचली की नाही हे आम्हाला नक्की कळलं नाही. पानवाला म्हणे वाचली. पण तो हे म्हणताना बाईंच्या डोळ्यात बघत नसे.

संध्याकाळी तो आमच्या अंगणात आला. रडवेला झाला होता. "बाई, फळा काढून टाका," तो म्हणाला. "मी आजपासून तोंड उघडनार नाही. माह्या मायची आन. लोक पेतीन."

तो गेल्यावर बाईंनी स्टूल घेतलं, निंबाजवळ ठेवलं आणि आपल्या हातानं फळा उतरवला. आत नेऊन भिंतीशी ठेवला, अक्षरं भिंतीकडे करून. त्या रात्री जेवल्या नाहीत. मी ताट वाढून बसले होते. खूप वेळानं म्हणाल्या, "मी थांबली, पोरी. माय थांबली नसती."

फळा गेला आणि लोक पिऊ लागले. तीन-चार दिवसांतच निंबाखाली रांग दिसू लागली. गाडीवाले, हमाल, कोर्टातले पक्षकार, बाजारच्या बाया. दुपारी रांजण दोनदा भरावे लागत. बाई आतून घागरी आणून देत, मी ओतत असे. माझा चळवळीचा ताठा त्या गर्दीत विरघळला. तहानलेला माणूस पाणी पितानाचा आवाज ऐकला की वाद सुचत नाही. लोक पाणी पिऊन तोंड पुसत आणि दुवा देत. कोणाची पाणपोई म्हणून आपसात विचारत, आणि उत्तरही आपणच शोधत. कोपऱ्यावर सरकीच्या एका व्यापाऱ्याचं मोठं दुकान होतं. त्याचीच असणार असं सगळ्यांनी ठरवलं. लोक दुकानासमोरून जाताना त्याला हात जोडत. शेठ पहिल्या दिवशी गोंधळला, पण त्यानं नाही म्हटलं नाही.

बाई दाराच्या फटीशी बसून हे ऐकत. कोणी म्हणे, "शेठच्या मायबापाले सर्ग भेटन." बाईंचा चेहरा मी त्या वेळी पाहत नसे. त्या उन्हाळ्यात त्यांनी बाजारात 'हातात द्या' म्हणणंही सोडलं. दुकानदार पुडा फेके, त्या उचलून पिशवीत टाकत. मला ते जास्त भयंकर वाटलं. आणि घरात 'बा म्हनते' ऐकू येईनासं झालं. आई बोले, वडील गप्प झाले.

पुढच्या आखाजीला पाणपोई पुन्हा मांडली, फळ्याशिवायच. मृगाला थोडे दिवस उरले असतील, तेव्हा एक म्हातारा शेतकरी आला. अंगात बंडी, हातात काठी, चांगला सत्तरीचा. सावकाश एक पेला प्यायला. दुसरा भरून घेतला, अर्धा प्यायला आणि सावलीत टेकला. बाई रांजणात घागर रिकामी करत होत्या. मी ओट्यावर होते.

"कोनाची हाये वो बाई पानपोई?" त्यानं विचारलं. "पुन्यवान मानूस दिसते."

समोर पानवाल्यानं मान वळवली. बाई शेठचं नाव सांगू शकल्या असत्या, किंवा गप्प राहून आत येऊ शकल्या असत्या. त्यांनी घागर खाली ठेवली.

"माह्या मायबापाच्या नावाची हाये," त्या म्हणाल्या.

"काय नाव त्याईचं?"

बाईंनी आईचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव, गाव. आणि म्हाताऱ्याला ते पुरेसं कळलं नाही असं वाटून, दीक्षेनंतर आम्ही जे तोंडातही घेत नव्हतो ते जातीचं जुनं नावही सांगितलं.

म्हातारा हातातल्या पेल्याकडे बघत राहिला. तो संतापला नाही, थुंकला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. मग तो म्हणाला, "मले सांगाले नोको होतं, बाई. मी पेऊन गेलो असतो. दुवा देऊन गेलो असतो."

"कोनाले देल्ली असती दुवा?" बाईंनी विचारलं.

उरलेलं पाणी सांडू नये म्हणून त्यानं पेला जपून वाळूवर टेकवला, बाईंना हात जोडले आणि काठी टेकत उन्हात निघून गेला. मागं उभी असलेली दोन-तीन माणसंही पांगली.

बाईंनी तो पेला उचलला, धुतला, उपडा ठेवला. मग आत जाऊन फळा आणला. खिळा झाडाला तसाच होता.

मला आनंद झाला होता, आणि तो मी लपवला नाही. म्हटलं, बाई, हे बरं झालं. बाई स्टुलावरून उतरत होत्या. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुले बरं वाटून राह्यलं. मले नाही वाटत," त्या म्हणाल्या. "आज सांजपर्यंत या रस्त्यानं तहानेल लोक जातीन. ते मी पाठवले. त्यानं इचारलं म्हून सांगतलं, खोटं सांगाले बानं शिकवलं नाही. पन माय इकडं तोंड फिरवून बसली असंन आता. दोघाईले संगंसंगं खूश ठेवनं मले जमलं नाही पोरी."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दोन उन्हाळे पाणी पिऊन गेलेल्यांपैकी काहींनी येऊन दारात शिव्या दिल्या, एकानं एक रांजण फोडला. बाईंनी नवा आणला. शेठला दोन उन्हाळे फुकट दुवा घेतल्याची लाज वाटली असावी, कारण पुढच्या उन्हाळ्याआधी त्यानं कोपऱ्यावर सिमेंटची टाकी बांधली, वर आपल्या वडिलांचं नाव कोरलं. तिथं एक माणूस बसून नळकांड्यातून वरून पाणी ओती आणि लोक ओंजळीनं पीत. बाई ती टाकी बघायला मुद्दाम गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "चांगलं झालं. आता तहानेल कोनी जानार नाही. मायची काळजी मिटली."

मग आमच्या रांजणांची गरज काय राहिली, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. बाई दुसऱ्या दिवशी पहाटे रांजण घासत होत्या.

त्याच वर्षी माझी बदली अमरावतीला झाली, मग लग्न झालं. उन्हाळ्यात एखादी चक्कर अकोल्याला होई. प्रत्येक वेळी निंबाखाली तेच: वाळू, रांजण, उपडे पेले, फळा. अक्षरं बाई दरवर्षी नव्यानं रंगवत. पेले इतके कोरडे असत की त्यांवर धूळ बसायची आणि ती बाई दिवसातून दोनदा पुसत.

शेवटची गेले तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आजारी होत्या. पाय सुजलेले, दम लागायचा, बाजेवरून उठवत नव्हतं. भावाचा मुलगा गावाहून येऊन राहिला होता. तो जिनिंगमध्ये कामाला जाण्याआधी रांजण भरून ठेवी. मी भर दुपारी एस.टी.तून उतरून चालत घरी पोचले. बाईंची बाज आतल्या खोलीत होती. तिथून रस्ता दिसत नसे. माझा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले. तब्येत, शाळा, माझी मुलं, काही विचारलं नाही.

"बाहेर कोनी आलं काय वो?" त्यांनी विचारलं.

मी दारापर्यंत गेले. रस्ता ओस पडला होता. कोपऱ्यावरच्या टाकीजवळ पाच-सहा माणसं उभी होती. निंबाखाली कोणी नव्हतं. परत येऊन मी खरं तेच सांगितलं. त्या घरात दुसरं काही सांगणं मला शक्य नव्हतं.

"नाही बाई. कोनी नाही."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे नीट पाहिलं, घामानं भिजलेल्या पोलक्याकडे, धुळीच्या पायांकडे.

"तू उन्हाची आली ना," त्या म्हणाल्या. "घरातलं नोको पेऊ. जाय, तथी पेऊन ये."

मी बाहेर गेले. फळ्यावरची दोन्ही नावं वाचली. पेला विसळून रांजणात बुडवला आणि निंबाखाली उभी राहून प्यायले. टाकीजवळची माणसं माझ्याकडे बघत होती. मी आणखी एक पेला प्यायले आणि आत आले.

"गार हाये?" बाईंनी विचारलं.

"हाये."

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या.